एक परळ पाण्यात, एक उन्हात

पहाटे ५

नवतपा सुरू आहे. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की विदर्भात हे नऊ दिवस मोजतात, आणि नागपुरात तेव्हा पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळत असतो. अंगणातलं सगळं काम आठच्या आत उरकावं लागतं. मी पक्ष्यांची डॉक्टर आहे. आमच्या उपचार केंद्रातला माझा दिवस अंगणातल्या नळापाशी, पक्ष्यांना पाणी ठेवायचे मातीचे परळ घासण्यापासून सुरू होतो. मदतनीस रोज म्हणतो, "मॅडम, राहू द्या, मी करतो." पण हे काम मी स्वतःच करते. रात्रभरात कोण येऊन गेलं आणि कुणाला काय होतंय, हे कालच्या पाण्यावरून बरंच कळतं.

आज पहिल्या परळात पिसं आहेत, विष्ठा आहे आणि भिजून फुगलेला पोळीचा तुकडा आहे. पोळी कावळ्याची. कडक पोळी, हाड, कधी मेलेला उंदीरसुद्धा कावळा पाण्यात बुडवून मऊ करून खातो आणि उरलेलं तिथंच टाकून जातो. दुसऱ्या परळाच्या तळाशी ज्वारीचे चार-पाच दाणे आहेत, ओले आणि चिकट. ते मला आवडले नाहीत. दाणे आम्ही इथं टाकत नाही. म्हणजे कुणीतरी ते चोचीत घेतले, त्याला गिळता आले नाहीत आणि ते पाण्यात पडले. वहीत नोंद केली.

पाणी गटारात ओतलं आणि काथ्याने परळ घासायला घेतले. आतून बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागतं तो थर निघेपर्यंत घासायचं. त्या थरात शेवाळ असतं, जिवाणू असतात, आणि पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर कडेला, एडिस डासाची अंडीही असू शकतात. डेंग्यू पसरवणारा हा डास भांड्याच्या आतल्या भिंतीला अंडी चिकटवतो. पाणी नुसतं ओतून टाकलं तर अंडी जागच्या जागी राहतात, कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. उन्हाळ्यात अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून "मी रोज पाणी वर भरते" असं कुणी सांगितलं की मी विचारते, "घासता कधी?"

घासलेला परळ मी लगेच भरत नाही. प्रत्येक जागेसाठी आमच्याकडे दोन परळ आहेत. काल घासलेला परळ दिवसभर उन्हात पालथा होता, आज तो पाण्याला लागेल. आज घासलेला संध्याकाळपर्यंत उन्हात राहील. एक पाण्यात, एक उन्हात. या व्यवस्थेला वीज लागत नाही, औषध लागत नाही. परळामागे एक जादा परळ, एवढाच खर्च. पक्ष्यांना लोळवणारं हे ऊन भांड्यांच्या बाबतीत आमच्या बाजूने काम करतं.

सकाळी ६

परळ मांडून झाले. पाणी बोटाच्या दोन पेरांहून खोल नको आणि मधोमध एक खडबडीत दगड हवा, म्हणजे लहान पक्ष्याला पाय टेकता येतात आणि पडलेली मधमाशीही वर चढू शकते. जागा सावलीची हवी, पण फांदीच्या बरोबर खाली नको. फांदीवर बसलेल्याची विष्ठा थेट पाण्यात पडते. मांजराला दबा धरता येईल असं दाट झुडूपही अगदी लगत नको. पत्र्याची आणि स्टीलची भांडी मी वापरत नाही, दहा वाजेपर्यंत ती चटका देऊ लागतात.

दयाळ सगळ्यांत आधी येतो. मग बुलबुलाची जोडी, मग साळुंक्या, आणि त्यानंतर सातभाई आले की बाकीच्यांना तासभर जागा मिळत नाही. मी थोडं लांब बसून पाहते. साळुंकी, बुलबुल, चिमणी चोचीत घोट भरतात आणि मान वर करून तो घशात उतरवतात. पारवे आणि होले असं करत नाहीत. ते चोच बुडवून ठेवतात आणि मान न उचलता पाणी ओढून घेतात. पाहायला मोठं गमतीचं वाटतं. पण पारव्याच्या घशात आजार असेल तर तो पाण्यात उतरायला एवढं पुरे असतं, आणि त्याच पाण्यात पुढचा घोट बुलबुल घेणार असतो.

एरवी हे पक्षी एकमेकांच्या इतके जवळ येत नाहीत. होला जमिनीवर टिपतो, बुलबुल झुडपात, तांबट शेंड्यावर. उन्हाळ्यात आपण एक परळ ठेवतो आणि या सगळ्यांची तोंडं एका वीतभर पाण्यात आणतो. पाणी ठेवू नका असं मी कधीच म्हणणार नाही. या शहरात मे महिन्यात पाणी ठेवलंच पाहिजे. पण पक्ष्यांना एकत्र आणणारे आपण आहोत, तर त्या पाण्याची जबाबदारीही आपलीच.

सकाळी ७:३०

वॉर्डातली फेरी. मान वळलेला पारवा अजून गोल गोल फिरतोय. कोंबड्यांच्या ज्या आजाराला आपण राणीखेत किंवा मानमोडी म्हणतो, त्याच जातकुळीचा विषाणू पारव्यांना होतो. त्यावर औषध नाही. दाणे खोल वाटीत द्यायचे, म्हणजे नेम चुकला तरी चोचीत काहीतरी येतं, आणि वाट पाहायची. काही आठवड्यांनी बरेचसे सावरतात. त्याला वेगळ्या खोलीत ठेवलंय, त्याची भांडी वेगळी आणि ती खोली सगळ्यांत शेवटी.

साळुंकीच्या पापणीवरच्या आणि चोचीच्या मुळाशी आलेल्या गाठी सुकत आल्यात. हा पक्ष्यांना होणारा देवीचा आजार. त्याचा विषाणू डास चावल्याने पसरतो, तसाच एका जागी घासलेल्या चोचींनी आणि पायांनीही पसरतो. माणसाला तो होत नाही. डोळा उघडा राहिला आणि खाता आलं तर पक्षी आपोआप बरा होतो. मात्र पडलेल्या खपल्यांमध्ये हा विषाणू कोरड्या हवेतही फार काळ टिकतो, म्हणून या पिंजऱ्याच्या भांड्यांना नुसतं ऊन पुरत नाही. घासून झाल्यावर घरात वापरतो ते पातळ ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग अशा मिश्रणात ती दहा मिनिटं बुडवायची, मग भरपूर पाण्याने धुवायची आणि वास पूर्ण जाईपर्यंत वाळवायची. आधी घासणं महत्त्वाचं, कारण घाणीत ब्लीचचा जोर वाया जातो. मातीचं भांडं क्लोरीन पिऊन घेतं, त्याला दोनदा साध्या पाण्यात भिजवून मगच वाळवायचं. आणि संडास साफ करण्याचं अॅसिड ब्लीचमध्ये कधीही मिसळायचं नाही. त्यातून विषारी वायू निघतो. हे मी प्रत्येकाला सांगते, कारण बहुतेकांच्या मोरीत या दोन बाटल्या शेजारी-शेजारी उभ्या असतात.

सकाळी ९:१५

अंबाझरीच्या बाजूच्या एका सोसायटीचे वॉचमन खोका घेऊन आले. खोक्याला भोकं पाडलेली, आत जुनं धडपं. नीट आणलं होतं. "मॅडम, हा कालपासून कोपऱ्यात बसून आहे जी. दाणे उचलते अन् टाकून देते. तोंडातून पाणी बाहेर येऊन राह्यलं."

होला होता. पिसं फुलवलेली, डोळे अर्धवट मिटलेले, चोचीभोवतीची पिसं ओली आणि चिकटलेली. छातीचं हाड हाताला धारदार लागलं, म्हणजे बरेच दिवस पोटात काही गेलेलं नव्हतं. चोच उघडून विजेरी धरली. घशात खव्यासारखा पिवळट थर साचलेला, डाव्या बाजूला जास्त. वास आंबूस.

हा थर ओढून काढायचा मोह होतो. काढायचा नसतो, खालून रक्त येतं. ओल्या कापसाच्या बोळ्याने घशातला स्राव घेतला, काचेवर कोमट सलाईनच्या थेंबात मिसळला आणि लगेच सूक्ष्मदर्शकाखाली धरला. लगेच म्हणजे खरोखरच लगेच, कारण नमुना थंड झाला, सुकला, तर आत काही दिसत नाही. आज दिसलं. नासपतीच्या आकाराच्या एकपेशी जिवांची झुंबड, शेपट्यांनी वळवळत धडपडणारी. ट्रायकोमोनास गॅलिनी. त्यांना सुकून टिकून राहणारं कवच नसतं. ओलाव्यात ते काही काळ जगतात, भांडं खडखडीत वाळलं की मरतात. माझ्या दोन परळांच्या व्यवस्थेचा पाया हाच.

पारवे आणि होले हे या जिवाचं जुनं घर. पुष्कळ पारवे तो घशात बाळगून धडधाकट हिंडतात. आईबाप अन्नपिशवीतलं दूध पिल्लाला भरवतात, त्यातून तो पुढच्या पिढीत जातो. आजारी पारवा सुस्त असतो, सहज पकडला जातो, म्हणून त्याला खाणाऱ्या शिकऱ्यालाही तो होतो. माणसाला मात्र याची भीती नाही.

वॉचमनना विचारलं, तिथं पाणी कसं ठेवता? म्हणाले, सिमेंटचं मोठं टाकं आहे, बागेत, आणि बाजूला दाण्यांचा चौथरा. दोन्ही एका साहेबांनी बायकोच्या नावाने बांधून दिलं. "धुतं कोण?" ते थोडे थांबले. "तसं कोणाकडेच नाही जी. पाणी कमी झालं की माळी पाइपाने भरते."

होल्याला औषधाचा पहिला डोस दिला, नळीने थेट अन्नपिशवीत पातळ खाद्य सोडलं. वाचेल की नाही, आज सांगता येत नाही. वनविभागाला कळवलं. वॉचमनना म्हटलं, संध्याकाळी येते.

सकाळी ११

उन्हाने पडलेले पक्षी येऊ लागले. एक घार, दोन पारवे, रस्त्यावर सापडलेलं कोकिळेचं पिल्लू. फोनवर मी आज पुन्हा पुन्हा एकच वाक्य बोलते आहे: त्याच्या चोचीत पाणी ओतू नका. पक्ष्याच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडं असतं. अर्धमेल्या पक्ष्याला वरून पाणी पाजलं की ते फुप्फुसात जातं, आणि उन्हातून वाचलेला जीव आपल्या हातात जातो. खोक्यात ठेवा, अंधारात, हवेशीर आणि थंड जागी, बाजूला उथळ झाकणात पाणी, आणि घेऊन या.

दुपारी १:३०

कूलरसमोर जेवण. वाळ्याचा वास येतोय. कूलरची टाकी सकाळीच मदतनिसाने रिकामी करून पुसली. आठवड्यातून एकदा ती कोरडी करायची हे नागपूरकरांना महापालिकेने इतकी वर्षं सांगून सांगून आता बऱ्यापैकी अंगवळणी पडलंय. त्यांच्याच घराच्या गच्चीवरचा पक्ष्यांचा परळ मात्र त्या कोरड्या दिवसाच्या हिशेबात धरत नाहीत.

संध्याकाळी सोसायटीत काय बोलायचं ते लिहून काढलं. नुसतं "धुवा" म्हटलं तर लोकांना ते टापटिपीचं काम वाटतं. म्हणून मी ब्रिटनमधल्या ग्रीनफिंचची हकीकत सांगते. चिमणीएवढा हिरवट पक्षी, तिथल्या परसबागांमध्ये दाण्यांवर हमखास दिसणारा. तिथं लाखो घरांत पक्ष्यांना हौसेनं खायला घालतात. २००५ मध्ये या पक्ष्यात हाच घशाचा आजार प्रथम आढळला, तो पारव्यांच्या कुळातल्या पक्ष्यांकडून आला असावा असं तिथल्या संशोधकांचं मत आहे. २००६ मध्ये मोठी साथ आली, आणि २००९ पर्यंत तिथल्या ग्रीनफिंचची विणीच्या पक्ष्यांची संख्या सुमारे ४३ लाखांवरून २८ लाखांवर उतरली. २०२१ मध्ये त्याचं नाव तिथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेलं. कुणी त्याला मारलं नव्हतं, त्याचं जंगलही तोडलं नव्हतं. आजारी पक्ष्याने टाकलेला ओला दाणा आणि उष्टं पाणी पुढच्याच्या चोचीत जात राहिलं. ते दाणे ठेवणारी सगळी माणसं पक्ष्यांना जीव लावणारी होती. ही हकीकत सांगताना मला दर वेळी त्रास होतो.

आपल्याकडे कोणत्या बागपक्ष्यावर अशी वेळ येईल, ते मी सांगू शकत नाही. पण तशी साथ यायला जे जे लागतं ते आपल्या गच्च्यांवर आहे: पारव्यांचे थवे, पोत्यांनी टाकलेले दाणे, शेजारी न धुतलेलं टाकं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत दादरचा कबुतरखाना झाकला तेव्हा वाद झाला तो माणसांच्या फुप्फुसांवरून, आणि तो व्हायलाच हवा होता. कबुतरांच्या घशाबद्दलही कुणी बोलायला हवं होतं.

दुपारी ४

होल्याला दुसरं खाद्य. उलटी केली नाही. घारीला सलाईन. पिल्लाची चोच आता लालभडक उघडते, म्हणजे भूक लागली.

संध्याकाळी ५:३०

टाकं पाहिलं. चांगलं हातभर खोल, कडा उभ्या, तळाला हिरवा गालिचा. चौथऱ्याला लागूनच बांधलेलं, त्यामुळे दाणे पाण्यात आणि पाणी दाण्यांत. वरून बदामाची फांदी. ओंजळभर पाणी काचेच्या ग्लासात घेतलं तर अळ्या वरखाली करत होत्या. कोपऱ्यात आणखी एक होला पिसं फुलवून बसलेला. माणूस जवळ गेला तरी तो उडाला नाही.

टाकं बांधून देणारे काका खाली आले. सत्तरीचे असतील, शिक्षक होते. मी म्हटलं, "काका, दाणे आजपासून बंद करावे लागतील. आणि हे टाकं निदान दोन आठवडे कोरडं ठेवायचं."

"नवतप्यात पाणी बंद करा म्हणता, मॅडम? तिला हे पटलं असतं का?"

याचं उत्तर सोपं नाही, आणि मी ते सोपं करूनही सांगितलं नाही. आजारी पक्षी दिसला की दाणापाणी दोन्ही काही आठवडे थांबवायचं, म्हणजे गर्दी पांगते आणि उष्टं पसरत नाही, हा नियम मला मान्य आहे. पण तो जिथं लिहिला गेला तिथं ४५ अंश नसतात. म्हणून मी आधी आसपास पाहते. इथून अंबाझरीचा तलाव पक्ष्याला दोन मिनिटांवर आहे. इथं पाणी थांबवलं तर पारवे, होले तिकडे जातील, मोठ्या काठावर विखरून पितील. हीच सोसायटी पाण्यापासून दूर, उघड्या माळावर असती तर मी पाणी थांबवलं नसतं. एका टाक्याऐवजी पाच-सहा लहान परळ लांब लांब ठेवायला, दिवसातून दोनदा बदलायला आणि रोज वाळवायला सांगितलं असतं. हे सगळं काकांना तसंच सांगितलं. ग्लासातल्या अळ्या दाखवल्या, मोबाइलवर होल्याचा घसा दाखवला. त्यांनी तो फोटो बराच वेळ पाहिला.

"मग दोन आठवड्यांनी?"

तेव्हा हे टाकं नको, असं मी म्हटलं. खोल आहे, हलत नाही, उलटं करून वाळवता येत नाही. तुमच्या पत्नीच्या नावाची पाटी राहू द्या, तिच्यासमोर दोन परळ ठेवा, दाण्यांपासून लांब, फांदीपासून बाजूला. काका लगेच हो म्हणाले नाहीत. पाटीकडे पाहत उभे राहिले.

तेवढ्यात झाडलोट करणाऱ्या मावशी पुढे झाल्या. "मी धुतलं असतं जी, पण मले कोणं सांगितलंच नाही. अन् सांगितलं तर ते पगारात धरा, नाही तर मग वरच्यांनी आपलं आपण धुवा." मावशींचं बोलणं मला अगदी बरोबर वाटलं. मार्च महिन्यात चिमणी दिन येतो, गावोगाव जलपात्रं वाटतात, फोटो निघतात. प्रत्येक जलपात्राला देणारा असतो. धुणारा नेमलेला नसतो. पात्राबरोबर काथ्या द्यावा, दुसरं पात्र द्यावं आणि धुणाऱ्याचं नाव लिहून घ्यावं. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी पात्र वाटूच नये असं माझं मत आहे, आणि वाटणाऱ्यांना मी ते तोंडावर सांगते.

सोसायटीच्या सचिवांनी मावशींच्या पगारात ते काम धरायचं कबूल केलं, पुढच्या बैठकीत मंजुरी घेऊन. काकांनी चौथऱ्यावरचे दाणे स्वतः झाडून पिशवीत भरले. टाक्याची बुचं काढली, पाणी वाहून गेलं, मी आणि माळ्याने तळ खरवडला. मावशींनी माझे हातमोजे मागून घेतले. कोपऱ्यातला होला मी खोक्यात घेतला.

रात्री ८:३०

दुसऱ्या होल्याच्याही घशात तेच. हा कमी बिघडलेला आहे, याच्याबद्दल मला जास्त आशा वाटते. एका बाईंचा फोन: आजार घशातला आहे तर आमच्या परळात औषधाची गोळी विरघळवून ठेवू का? नाही. कोण किती पिईल त्याचा हिशेब नाही. निरोग्यांना औषध जाईल, आजाऱ्याला पुरेसं जाणार नाही, आणि जंतू तेवढ्यात औषधाला सरावेल.

मग उमरेडकडून एका तरुणाचा फोन. शेताच्या बांधावरच्या बाभळीखाली तीन कावळे मेलेले, एक तडफडतोय. आवाजात घाई होती, उचलून आणू का विचारत होता. त्याला तिथंच थांबवलं. एक पक्षी उन्हाने पडतो. एका झाडाखाली चार कावळे पडणं वेगळं. २०२५ च्या जानेवारीत लातूर जिल्ह्यात उदगीरला कावळे असेच पडले होते, आणि भोपाळच्या प्रयोगशाळेने तो बर्ड फ्लू असल्याचं सांगितलं. त्याच्या आदल्याच महिन्यात आमच्या नागपुरात गोरेवाड्याला तीन वाघ आणि एक बिबट्या त्याच विषाणूने गेले. हे कावळे त्यातले असतीलच असं नाही, विष खाल्लेलेही असू शकतात. पण ठरवायचं काम प्रयोगशाळेचं.

त्याला सांगितलं: हात लावू नकोस, कुत्रं आणि कोंबड्या तिकडे सोडू नकोस, जागेचा फोटो लांबून काढ. जवळ गेला असशील तर हात साबणाने धू, चपला बाहेर ठेव. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा नंबर दिला, तो लागेपर्यंत मी दुसऱ्या फोनवरून त्याच्या तालुक्याच्या पशुधन अधिकाऱ्यांना गाठलं. ते म्हणाले, सकाळी सहाला माणसं पाठवतो, तोवर त्याला तिथं कुणाला जाऊ देऊ नको म्हणावं. ते त्याला कळवलं. बांधाला लागून जनावरांचा हौद आहे, असं तो आता म्हणाला, आणि कावळे त्यावरच पाणी प्यायचे. हौदाचं काय करायचं, ते मी पुन्हा अधिकाऱ्यांना फोन करून विचारते आहे.